लाइन गेली आणि पान फाटलं: डिस्कचा सेक्टर, एन्क्रिप्शन आणि चौदा शेतकऱ्यांच्या नोंदी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी उतारा. बोलताना झालेलं अं-अं आणि मागच्या ट्रॅक्टरचा आवाज काढून टाकलाय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय वरवर कोरडा आहे. डिस्कवर लिहिताना मध्येच वीज गेली तर काय होतं, आणि तोच डेटा एन्क्रिप्ट केलेला असेल तर काय वेगळं होतं? पण हा विषय मला कुठल्या कोर्समध्ये समजला नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर, माझ्याच चुकीमुळे समजला. म्हणून आधी ती चूक सांगतो.

काट्यावर काय झालं

डिसेंबरचे दिवस होते, कापसाची आवक जोरात. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगसाठी मी काट्याचं छोटं सॉफ्टवेअर लिहून दिलं होतं. गाडी भरलेली आली की वजन, रिकामी झाली की वजन, वजाबाकी करून निव्वळ कापूस, ओलावा, भाव, शेतकऱ्याचं नाव, गाव आणि बँक खातं. नोंद सेव्ह झाली की काटापट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात. संध्याकाळी याच नोंदींवरून पैसे खात्यात जाणार.

काट्याची खोली म्हणजे सगळ्यांची खोली. ड्रायव्हर येतात, हमाल येतात, चहावाला येतो. तिथल्या कॉम्प्युटरवर लोकांचे खाते क्रमांक उघडे ठेवायचे नव्हते, म्हणून फाइल एन्क्रिप्ट करायचं ठरलं. इथपर्यंत विचार बरोबर होता. पुढे मी शहाणपणा केला. तयार लायब्ररी वापरायची सोडून स्वतःचीच फाइल पद्धत लिहिली. एवढ्याशा कामाला डेटाबेस कशाला, असं वाटलं. बीटेक झाल्यावर काही वर्षं हा आजार राहतो.

एक दिवस दुपारी फोन आला. दिवाणजी होते.

"भाऊ, लाइन गेली होती, आता आली. पण तुमचं हे उघडूनच नाही राह्यलं. पासवर्ड तीनदा टाकून पाह्यला."

"दिवाणजी, स्क्रीनवर काय दिसतंय?"

"पासवर्ड चुकीचा किंवा फाइल खराब म्हणते. अन् खाली विचारून राह्यलं, नवीन फाइल बनवू का म्हणून. बनवू का?"

मी इतक्या जोरात "नका!" म्हणालो की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. ते बटण मीच ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नसतं तर त्या दिवसाचं उरलंसुरलंही गेलं असतं.

यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती, ते कुणाला माहीत नव्हतं. आता नेमकं काय फाटलं ते बघू.

सेक्टर म्हणजे काय, आणि तो किती भरवशाचा

आपल्याला फाइल एकसलग वाटते, पण डिस्क एक-एक बाइट लिहीत नाही. ती एका ठोकळ्यात लिहिते, त्याला सेक्टर म्हणतात. जुन्या हार्ड डिस्कवर सेक्टर ५१२ बाइटचा. साधारण २०११ पासून कंपन्यांनी नव्या डिस्क ४०९६ बाइटच्या सेक्टरकडे वळवल्या. त्यातल्या बऱ्याच डिस्क आतून ४०९६ वापरतात, पण जुन्या सॉफ्टवेअरची सोय म्हणून बाहेर ५१२ च सांगतात.

अ‍ॅटॉमिक हा शब्द आपण कॉलेजात पाठ केला: काम एकतर पूर्ण होईल, नाहीतर अजिबात होणार नाही, अर्धवट कधीच नाही. प्रश्न असा, की सेक्टर लिहिणं अ‍ॅटॉमिक असतं का?

व्यवहारात, बहुतेक वेळा, हो म्हणता येतं. प्रत्येक सेक्टरसोबत डिस्क चूक ओळखणारा आणि दुरुस्त करणारा कोड लिहिते. सेक्टर अर्धा लिहून थांबला तर तो कोड जुळत नाही आणि वाचताना डिस्क सरळ एरर देते. अर्धं जुनं-अर्धं नवं गुपचूप हातात देत नाही. शिवाय वीज गेल्यावर हातातला सेक्टर पुरा करण्याइतकी ऊर्जा बऱ्याच डिस्कमध्ये उरते. पण हा व्यवहार झाला, वचन नव्हे. एसक्यूलाइटचे लेखकसुद्धा सेक्टर अ‍ॅटॉमिक आहे असं मुळात गृहीत धरत नाहीत. लिहिणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातं, एवढंच ते मानतात.

एसएसडीवर निवांत राहावं म्हणाल तर तेही नाही. २०१३ साली फास्ट परिषदेत एक अभ्यास आला होता. ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी बाजारातल्या १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली. १५ पैकी १३ मध्ये काही ना काही बिघाड दिसला. अर्धवट कापले गेलेले सेक्टर होते, क्रम उलटसुलट झालेलं लेखन होतं, काही ठिकाणी अख्खं उपकरणच गेलं.

माझी चूक: ४०९६ म्हणजे एक सेक्टर

माझ्या फाइलमध्ये ४०९६ बाइटची पानं होती. डेटाबेस साधारण असंच करतात. एसक्यूलाइटचं ठरलेलं पान ४०९६ बाइटचं, पोस्टग्रेसचं ८ केबीचं, मायएसक्यूएलमधल्या इनोडीबीचं १६ केबीचं. मी मनात धरलं, की आजकाल सेक्टर ४०९६ चा, माझं पान ४०९६ चं, म्हणजे पान लिहिणं अ‍ॅटॉमिक.

काट्यावरचा कॉम्प्युटर जुना होता. डिस्कचा सेक्टर ५१२ चा. म्हणजे माझं एक पान आठ सेक्टरांवर पसरलेलं. पाच सेक्टर लिहून झाले आणि लाइन गेली. पहिले पाच नवे, शेवटचे तीन जुने. यालाच टॉर्न पेज म्हणतात, आपण फाटलेलं पान म्हणू.

इथे कुणी म्हणेल, फाटलं तर फाटलं, शेवटची एक नोंद गेली असेल. एन्क्रिप्शन नसतं तर तसंच झालं असतं. गणित करून बघा.

माझी एक नोंद १९२ बाइटची. पानात १७ नोंदी होत्या, अठरावी लिहिली जात होती. साध्या फाइलमध्ये अठरावी नोंद बाइट ३२६४ ते ३४५६ या जागेत बसते. ती जागा सातव्या सेक्टरमध्ये येते. म्हणजे आठही सेक्टर पुन्हा लिहिले तरी सातमध्ये तेच जुने बाइट पुन्हा जाणार, बदल फक्त सातव्यात. कुठेही फाटू द्या, आधीच्या १७ नोंदी जशाच्या तशा. साधा डेटा नकळत आपली बरीच चूक पोटात घालतो.

एन्क्रिप्शन ती घालत नाही. मी एईएस-जीसीएम वापरलं होतं. त्यात दर वेळी पान लिहिताना एक नवा नॉन्स लागतो, म्हणजे एकदाच वापरायचा १२ बाइटचा आकडा. नॉन्स बदलला की अख्ख्या पानाचं गुप्त रूप बदलतं. आत एक नोंद वाढलेली असो की एक स्वल्पविराम, बाहेरचे जवळपास सगळे बाइट वेगळे. शिवाय १६ बाइटचा टॅग असतो, पानाला कुणी हात लावला नाही ना हे तपासणारी मोहोर. हे दोन्ही मी पानाच्या शेवटी ठेवले होते.

आता फाटलेलं पान बघा. पहिले पाच सेक्टर नव्या नॉन्सने लिहिलेले. पण नवा नॉन्स आठव्या सेक्टरमध्ये जायचा होता, तो डिस्कवर पोचलाच नाही. मेमरीत होता, लाइनबरोबर गेला. किल्ली हातात असूनही ते २५६० बाइट कधीच उलगडणार नाहीत, कारण ९६ बिटचा आकडा अंदाजाने सापडत नसतो. उरलेले तीन सेक्टर जुन्या नॉन्सचे, तो नॉन्स शाबूत. पण मोहोर अख्ख्या पानाची, म्हणून प्रोग्रॅमने अख्खं पानच नाकारलं.

मी फाइलची प्रत काढली, मोहोरेची तपासणी बाजूला ठेवली आणि जुन्या नॉन्सने शेवटचे तीन सेक्टर उलगडले. पंधरावी, सोळावी आणि सतरावी, अशा तीन नोंदी पूर्ण मिळाल्या. आधीची भरलेली पानं सुरक्षित होती, त्यांना त्या क्षणी कुणी हात लावला नव्हता. अठराव्याची गाडी अजून काट्यावरच उभी होती, तिचं पुन्हा वजन केलं. गेल्या त्या चौदा. ते चौदा जण पट्टी घेऊन केव्हाच गावी निघाले होते.

अजून एक गोष्ट तेव्हा कळली. मोहोर जुळली नाही की पासवर्ड चुकला, कुणी छेडछाड केली, की पान फाटलं, हे तिघं एकसारखेच दिसतात. म्हणून दिवाणजी तीनदा पासवर्ड टाकत बसले. आता मी फाइलच्या सुरुवातीला किल्ली तपासण्यासाठी एक वेगळी छोटी खूण ठेवतो. ती जुळली आणि पुढचं एखादं पान जुळलं नाही, तर निदान पासवर्ड बरोबर आहे हे कळतं.

दिवाणजींची वही

संध्याकाळी मी तिथे पोचलो तेव्हा दिवाणजींनी कपाटातून लाल कापडाची वही काढली. मी सॉफ्टवेअर दिल्यावर "आता वही बंद करा" म्हणालो होतो. त्यांनी मान डोलावली होती आणि वही चालूच ठेवली होती.

"माझी वही काई लाइनवर नाही चालत," एवढंच म्हणाले.

चौदापैकी तेरा नोंदी तिथे स्पष्ट होत्या. एका नोंदीवर चहा सांडला होता. सेलूकडचे एक शेतकरी, सात क्विंटल चाळीस किलो कापूस. भाव सात हजारांच्या आसपास, म्हणजे पन्नास हजारांच्या वरची रक्कम. फोन लागत नव्हता. ते तिसऱ्या दिवशी स्वतः आले, मोबाइलच्या कव्हरमध्ये घडी घालून ठेवलेली काटापट्टी घेऊन. पैसे का आले नाहीत म्हणून विचारायला आले होते. रागावले नाहीत, फक्त ती पट्टी हातातून सोडत नव्हते. मोबाइलमध्ये फोटो काढा म्हणाले, पट्टी माझ्याजवळच राहील. सिस्टमवर विश्वास नाही म्हणजे काय असतं, ते मला तिथे दिसलं.

आता गंमत बघा. दिवाणजी जे करत होते ते डेटाबेसवाल्यांचं सर्वात जुनं औषध आहे. ते आधी रोजकीर्दीत लिहितात, जसं घडलं तसं, एकाखाली एक. मग फुरसतीने त्यावरून खतावणी करतात, ज्याच्या त्याच्या खात्यावर. खतावणी करताना उठावं लागलं तर बिघडत नाही, रोजकीर्द बघून पुन्हा करता येते. रोजकीर्द लिहितानाच अडलं तर शेवटची ओळ अर्धी दिसते, ती धरायची नाही. खाती जशीच्या तशी.

डेटाबेसमध्ये यालाच राइट-अहेड लॉग म्हणतात. आधी लॉग, मग मूळ पान. तलाठ्याकडेही हेच: जमिनीचा बदल थेट सातबाऱ्यावर चढत नाही. आधी गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही. नोटिसा जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, त्यानंतर सातबारा बदलतो. ते प्रमाणित करणं म्हणजे आपलं कमिट.

सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांचा एरीज हा १९९२ चा शोधनिबंध याच विचाराची पक्की मांडणी करतो. आणि आपण अभ्यासाला लावलेलं सिल्बरशात्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं पुस्तक आठवा. त्यातले एस. सुदर्शन आयआयटी मुंबईचे. त्यात स्टेबल स्टोरेज नावाचा भाग आहे: प्रत्येक ब्लॉकच्या दोन प्रती ठेवा, पहिली पूर्ण लिहून झाल्यावरच दुसरी लिहा. मी तो परीक्षेसाठी पाठ केला होता. काट्यावर लागेल असं वाटलं नव्हतं.

मोठे डेटाबेस काय करतात

इनोडीबीचं पान १६ केबीचं, ते कुठल्याच साध्या सेक्टरमध्ये मावत नाही. म्हणून तो पान आधी डबलराइट नावाच्या वेगळ्या जागी लिहितो, मग मूळ जागी. मूळ जागी फाटलं तर तिथली प्रत शाबूत असते. पोस्टग्रेस प्रत्येक चेकपॉइंटनंतर पान पहिल्यांदा बदललं की त्याची पूर्ण प्रत लॉगमध्ये टाकतो. एलएमडीबीसारखे डेटाबेस जुन्या पानावर लिहीतच नाहीत. नवं पान नव्या जागी लिहितात आणि शेवटी फक्त मूळ खूण बदलतात.

एसक्यूलाइटच्या वॉल पद्धतीत प्रत्येक पानासोबत २४ बाइटचं शीर्षक जातं, त्यात चेकसम असतो. वीज आल्यावर चेकसम जुळेपर्यंतच वाचायचं, आणि त्यातही शेवटच्या कमिटपर्यंतचंच धरायचं. फाटलेली ओळ आपोआप गळते.

याच एसक्यूलाइटवर एन्क्रिप्शन चढवणारी लायब्ररी म्हणजे एसक्यूएलसायफर. सिग्नल अ‍ॅप तीच वापरतं. तिच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक पानाच्या शेवटी ८० बाइट राखीव असतात, १६ सुरुवातीच्या यादृच्छिक आकड्याचे आणि ६४ मोहोरेचे. मोहोरेत पानाचा क्रमांकही धरलेला असतो, म्हणजे एक पान उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवलं तर पकडलं जातं. लॉगमध्येही पानं एन्क्रिप्ट होऊनच जातात. मी जे कष्टाने चुकीचं लिहिलं, ते तिथे आधीच बरोबर लिहिलेलं होतं.

एन्क्रिप्शनवाल्यांनी जपायच्या चार गोष्टी

पहिली. लॉगसुद्धा एन्क्रिप्ट हवा. मूळ फाइलला कुलूप आणि रोजकीर्द उघडी, असं करून उपयोग नाही.

दुसरी. नॉन्स पुन्हा वापरला जाऊ नये. समजा नॉन्स म्हणजे एक वाढत जाणारा आकडा, आणि तो फाइलमध्येच साठवलाय. वीज गेली, फाइल मागच्या स्थितीला आली, आकडाही मागे आला. आता तोच नॉन्स वेगळ्या मजकुराला लागेल. जीसीएममध्ये ही चूक जीवघेणी आहे, गुप्तताही जाते आणि मोहोरही. म्हणून रिकव्हरीच्या वेळी लॉगमधलं एन्क्रिप्ट झालेलं पान जसंच्या तसं उतरवा, नाहीतर नवा नॉन्स घ्या. यादृच्छिक ९६ बिट नॉन्स घेत असाल तर एका किल्लीवर २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी वेळा, एवढीच मर्यादा आहे.

तिसरी. अख्ख्या डिस्कचं एन्क्रिप्शन आणि डेटाबेसचं एन्क्रिप्शन यात गल्लत करू नका. डिस्कचं एन्क्रिप्शन सहसा एक्सटीएस पद्धतीचं असतं. त्यात १६ बाइटचा प्रत्येक तुकडा आपल्या जागेनुसार स्वतंत्रपणे बदलतो, लांबी वाढत नाही, नॉन्स साठवावा लागत नाही. त्यामुळे पान फाटलं तर साध्या फाइलइतकंच नुकसान होतं. पण त्यात मोहोर नाही. मोहोर हवी तर ती कुठेतरी लिहावी लागते, म्हणजे पुन्हा दोन गोष्टी एकत्र लिहिण्याचा प्रश्न. २०१७ साली लिनक्सच्या ४.१२ आवृत्तीत आलेल्या डीएम-इंटिग्रिटीला स्वतःचा जर्नल ठेवावा लागला, तो याचसाठी.

चौथी. फाइलच्या डोक्यावरची माहिती जपा. एसक्यूएलसायफरच्या फाइलचे पहिले १६ बाइट म्हणजे सॉल्ट. पासवर्डपासून किल्ली तयार होते ती त्याच्या मदतीने. ते गेले तर पासवर्ड पाठ असून उपयोग नाही. लिनक्सचं लक्स २ आपली मुख्य माहिती दोन प्रतींत ठेवतं, ते उगाच नाही.

मग मी काय केलं

त्याच आठवड्यात माझी फाइल पद्धत काढून टाकली. एसक्यूएलसायफर, वॉल पद्धत, आणि सिंक्रोनस फुल. म्हणजे प्रत्येक कमिटनंतर लॉग डिस्कवर खरोखर पोचल्याची खात्री करूनच पुढे जायचं. पट्टी त्यानंतरच छापायची. वेग कमी होतो, मान्य. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी मारायलाच ८ मिलिसेकंद लागतात, अशा काही फेऱ्या जातील. पण ट्रॉली काट्यावर चढून उतरायला मिनिटं लागतात. तिथे मिलिसेकंद वाचवून मी कुणाचं भलं करणार होतो?

नवीन फाइल बनवू का, हे विचारणं बंद केलं. फाइल उघडली नाही तर प्रोग्रॅम आधी तिची तारखेसह प्रत काढतो आणि मला फोन करा म्हणतो. यूपीएसची बॅटरी बदलली, आणि दर महिन्याला प्लग काढून ती तपासायची असं ठरलं.

तपासणीचा प्रोग्रॅमही लिहिला. आठ सेक्टरांपैकी प्रत्येक जुना किंवा नवा असू शकतो, आणि डिस्क ते कुठल्याही क्रमाने लिहू शकते. म्हणजे एका पानाच्या २५६ शक्य अवस्था. त्यातल्या फक्त दोन चांगल्या, पूर्ण जुनी आणि पूर्ण नवी. माझी पद्धत उरलेल्या २५४ पैकी प्रत्येक अवस्थेत पान नाकारत होती. नवीन रचनेत मूळ फाइलचं पान या २५६ पैकी कुठल्याही अवस्थेत ठेवा, लॉगवरून ते नीट उभं राहतं. स्वतःचं काही लिहीत असाल तर हा प्रयोग नक्की करा. तासाभराचं काम आहे.

आणि वही? या वर्षी दिवाणजींना मीच म्हणालो, चालू राहू द्या. त्यांनी फक्त चहाचा कप टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे लाइन गेल्यावर काही फाटलं असेल तर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.